भुऱ्याचं सुतक

आमच्या घरावर पत्रे होते आणि पत्र्यांना भोकं होती. उन्हाळ्यात त्या भोकांतून कवडसे पडायचे आणि दिवसभर सारवलेल्या जमिनीवरून सरकत सरकत भिंतीवर चढायचे. घरात घड्याळ नव्हतं. कवडसा उतरंडीला लागला की मायची कामावरून यायची वेळ झाली, एवढं आम्हाला कळायचं. आबा बोअरच्या गाडीवर होते. गाडी जाईल तिकडं जायचे, पार कर्नाटकापर्यंत, आणि महिना महिना त्यांचं तोंड दिसायचं नाही. आले की अंगाला दगडाच्या भुकटीचा वास असायचा, कानात भुकटी, पापण्यांवर भुकटी. कॉम्प्रेसरच्या आवाजानं त्यांचा एक कान अधू झाला होता, त्यामुळं घरातही ते गाडीवर बोलल्यासारखं ओरडून बोलायचे. माय बियाणाच्या प्लॉटवर शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायची. मिरचीची कळी चिमट्यानं उघडायची, आतले केसर काढून टाकायचे, दुसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. दिवसभर हेच. संध्याकाळी तिच्या बोटांची अशी आग व्हायची की भाकरी थापताना ती डोळे मिटून घ्यायची. जेवायला भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजक्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी. येसर संपला की ठेचा, तेलही संपलं की नुसतं तिखटमीठ पाण्यात कालवून. आम्ही गरीब होतो हे लिहायला मला लाज वाटत नाही. तेव्हा वाटायची. बारावीपर्यंत मी टेंभुर्णीच्या शाळेत चालत गेले आणि चालत आले, आणि हे मी अभिमानानंच सांगते.

दिवसभर घरात मी आणि आत्या. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. तिचं लग्न परकरातच झालं, नवरा लवकर गेला, आणि ती माहेरी परत आली ती कायमची. लग्नाआधी आणि परत आल्यावरही ती गावाची गुरं राखायची. मी बघितली तेव्हा तिचे गुडघे गेले होते, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, जिभेला मात्र काहीच झालं नव्हतं. घरात शेवटचा शब्द तिचा. आबा एवढे ओरडून बोलणारे, पण तिच्यासमोर ओरडायचे तेही परवानगी काढल्यासारखे. आमच्या भिंतीला भिंत लागून शमीमचाचीचं घर होतं. ती शिलाई करायची. दुपारी काजं-बटणं करायचं काम मांडीवर घेऊन ती आमच्याच दारात बसे, कारण आमच्या दारापुढं लिंबाची सावली होती आणि तिच्या दारापुढं उकिरडा.

बारावीची परीक्षा झाली आणि आत्यानं मला बाजारात पिटाळलं. "कार्डात कीर्तनं भरून आण. दिवसभर ह्या पत्र्यांचं टकटक ऐकून जीव गेला माझा." तेव्हा गावाकडं इंटरनेट म्हणजे बाजारातलं मोबाईलचं दुकान. आपलं मेमरी कार्ड द्यायचं, आणि दुकानदार त्याच्या कॉम्प्युटरमधून गाणी, पिक्चर, भजनं, जे मागाल ते त्यात भरून द्यायचा. गर्दीत त्यानं कार्डांची अदलाबदल केली. घरी येऊन मी आबांच्या जुन्या फोनमध्ये कार्ड घातलं, सगळ्यात वरची फाईल लावली, आणि आत्या पदर सावरून, हात जोडून बसली.

"हे कोनते महाराज म्हनायचे?"

महाराज नव्हतेच. पडद्यावर एक डोंगर होता. त्यानं हळूच डोळे उघडले, अंग झाडलं, दगडगोटे घरंगळले, आणि तो चार पायांवर उभा राहून चालायला लागला. त्याच्या मागं एक पोरगी, हातात काठी, कमरेला घंटी.

"दुसऱ्या कुणाचं तरी कार्ड आलंय," मी म्हणाले. "कार्टून आहे. बाजारच्या दिवशी बदलून आणते."

"थांब की. बाजार कुठं पळून चाललाय. ही पोरगी त्याला कुठं घेऊन चालली ते तर बघू."

शमीमचाचीनं दारातून मान लांब केली. मालिका हिंदीत होती, त्यामुळं तिला आमच्यापेक्षा जास्त कळायचं. "चराने लेके जा रई, अक्का. कोहरा खाते बोले ये पहाड."

"धुकं खातो," मी सांगितलं.

"आन् पानी कव्हा पाजती मंग?" आत्या म्हणाली. "नुसत्या चाऱ्यावर जनावर टिकतं का?"

त्या मुलखात सगळे डोंगर जिवंत होते. पहाटे ते खोऱ्यात उतरून धुकं चरायचे, दुपारी रवंथ करत बसायचे, आणि प्रत्येक डोंगरामागं एक राखणदार असायचा. पोरीचं नाव नीमा. तिच्या वाट्याला आलेला डोंगर म्हातारा, करड्या रंगाचा, पुढच्या एका पायानं अधू. त्याचं नाव भुरा. आत्यानं पहिल्याच दिवशी त्याचा भुऱ्या केला. तिकडच्या राजाला मोठमोठी शहरं बांधायची होती, आणि चालत्या डोंगरावर शहर कसं बांधणार? म्हणून त्याची माणसं झोपलेल्या डोंगरांच्या पायात लोखंडाचे खिळे ठोकायची. खिळा बसला की डोंगराचा दगड व्हायचा. त्या गोष्टीप्रमाणं आपण बघतो ते सगळे डोंगर म्हणजे खिळे ठोकलेले डोंगर. नीमा भुऱ्याला घेऊन ह्या माणसांपासून पळत होती, एवढीच गोष्ट, पण ती भागांमागून भाग चालायची आणि प्रत्येक भाग अशा ठिकाणी तुटायचा की पुढचा लावल्याशिवाय बोट थांबत नसे.

आम्ही तिघींनी ती कशी बघितली ते आठवलं की अजून हसू येतं. दार लोटून घ्यायचं, खिडकीला ओलं पोतं टांगायचं, फोन पाण्याच्या घागरीला टेकवून उभा करायचा. आत्या एवढी जवळ बसायची की तिचा श्वास काचेवर उमटायचा आणि मला ती पदरानं पुसावी लागायची. ती नीमावर सतत चिडलेली. "हिला गुरं राखता येत न्हाईत. लंगडं जनावर उतरनीला मोकळं सोडती व्हय? म्होरं हो की गं, म्होरं हो!" राजाची माणसं आली की ती फोनवर पदर टाकायची, म्हणजे त्यांना भुऱ्या दिसू नये. चाची वैतागायची, "अगे अक्का, उनो को नै, हमना को नै दिख रा!" भुऱ्याला नदी ओलांडता येईना तेव्हा संध्याकाळी आत्यानं मायला विचारलं की इतक्या मोठ्या धुडाला नदी खोल लागेल का. माय बिचारी मिरच्यांतून आलेली. तिला वाटलं उन्हानं आत्याच्या डोक्याला काहीतरी झालं.

भारनियमन असायचं. बॅटरी संपली की मी फोन इंजिनावर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत नेऊन चार्जिंगला लावायची. तोपर्यंत आम्ही तिघी तशाच पडून राहायचो. उन्हानं पत्रे टकटक करायचे, गिरणीचा पुकपुक आवाज लांबून यायचा, लिंबावरचा होला पक्षी घुमायचा, आणि मला गुंगी यायची. डोळे मिटले की जमिनीवरचे कवडसे पापण्यांमागं सरकत राहायचे आणि त्यांच्या मागून एकेक करून डोंगर निघायचे. घंट्या वाजायच्या. धूळ नाही, घाई नाही, नुसते मोठाले पाय उचलायचे आणि टेकायचे. संध्याकाळी मी मोरीवर गच्चीसारखा मातीच्या धाब्याचा तुकडा होता त्यावर चढून अजिंठ्याच्या बाजूला डोंगरांची निळी रेघ दिसते तिकडं बघत बसायची. वाटायचं, ह्यांना कुणी खिळे ठोकले असतील, आणि कधी. कधी कधी नीट बघितलं की ती रेघ काल होती तिथून जराशी सरकलेली वाटायची. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. आज लिहिते, कारण आता मला कुणी येडी म्हणलं तरी पगार थांबत नाही.

परवा माझ्या मुलीला दाखवावी म्हणून ती मालिका शोधून मोठ्या टीव्हीवर लावली. रंग भडक, डोंगरांचे पाय हत्तीच्या पायांसारखे, हिंदी आवाज तोंडाशी जुळत नाहीत. मुलगी पहिल्याच भागात उठून गेली. मी एकटीच बघत बसले, आणि शेवटच्या भागाच्या आधी बंद केली.

तेव्हाही आम्ही तिथंच थांबलो होतो. एकच भाग उरला होता आणि आत्या तो लावू देईना. "संपलं की मंग काय करायचं? राहू दे. दाण्याच्या डब्यात मूठभर तरी ठेवावं मानसानं." म्हणून आम्ही पहिल्यापासून परत बघायला लागलो. कार्ड बदलून आणायचं कुणाच्या मनातही राहिलं नाही. तेवढ्यात माझा निकाल आला. मी पास झाले, बऱ्या मार्कांनी. मला जालन्याच्या कॉलेजात जायचं होतं. नवीन जालन्यात मुलींचं वसतिगृह होतं, आणि शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं की मला तिथं जागा मिळेल, फक्त मुदतीत जा. मी आबांची वाट बघत होते. आबा आले ते स्थळ घेऊनच.

भोकरदनकडची माणसं. पोराचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. वडील माळकरी, सोवळ्याओवळ्याचे, शब्दाचे पक्के. आबा त्यांच्या शेतात बोअर घेताना ओळख झालेली. "गुरुवारी येऊन राह्यलेत," आबा ओरडून म्हणाले, म्हणजे नेहमीसारखंच म्हणाले. "पसंत पडली तर तिथंच सुपारी फोडू. चांगली मानसं हायेत, संगे."

"आबा, कॉलेजची मुदत त्याच आठवड्यात संपते."

"मी बारा महिने गाडीवर. तिकडं जालन्यात तुला काय झालं तर कोन बघनार? इथं कोन हाय? आक्काचे गुडघे गेलेले, तुझी माय दिवसभर प्लॉटवर." ते रागावले नव्हते. तेच वाईट होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. माय चुलीपुढं बसून होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि काटवटीतलं पीठ परत मळायला घेतलं, मळून झालेलं असताना. आमच्याकडं सुपारी फुटली की झालं, मग त्या शब्दावरून कुणी मागं येत नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आत्या आपले गुडघे चोळत बसली. मला तिचा राग आला होता.

गुरुवारी सकाळी मायनं पाव्हण्यांच्या नाश्त्याला सुशीला करायला मुरमुरे भिजवून निथळत ठेवले, शेंगदाणे भाजले, शेजारून कपबश्या आणल्या. मला चाचीनं शिवलेला नवा ड्रेस. आबा पाव्हण्यांना रस्ता दाखवायला फाट्यावर गेले. तेव्हा आत्यानं मला हाक मारली. "संगे, तो शेवटचा लाव."

"आत्या, आज?"

"आज न्हाई तर कव्हा? तू गेली मंग मला कोन लावून दावल?"

चाचीही आली. माय म्हणाली, "बाई, पाव्हणे येऊन राह्यलेत," पण ती सुद्धा हातातला झारा घेऊन मागं उभी राहिली. शेवटच्या भागात नीमा आणि भुऱ्या समुद्राकाठी पोचले होते. मागं राजाची माणसं, पुढं समुद्र, आणि समुद्राला अडवणारी भिंत फुटून खालच्या वस्तीत पाणी शिरायला लागलेलं. भुऱ्यानं नीमाला पाठीवरून खाली उतरवलं. नाकानं तिला जरासं ढकललं, गाय वासराला ढकलते तसं. मग तो लंगडत लंगडत त्या फुटलेल्या भिंतीपाशी गेला आणि आडवा झाला. कुणी खिळा ठोकला नाही. तो आपला आपण बसला. पायाकडून दगड होत होत वर यायला लागला, गुडघे, पोट, मान, आणि डोळे शेवटपर्यंत पोरीकडं. मग डोळेही. नीमाच्या कमरेची घंटी तेवढी वाजत राहिली.

आत्या ओरडली नाही. तिच्या तोंडातून नुसता एक आवाज आला, गुरांना हाक मारताना काढतात तसा, लांब. मग ती गुडघ्यावर हात देत उठली, मोरीत गेली, आणि लुगड्यासकट डोक्यावरून पाण्याचा तांब्या ओतून घेतला. एक, आणखी एक. बाहेर येऊन तिनं चुलीतली लाकडं ओढून पाणी शिंपडलं. सुशीला तशीच अर्धवट राहिली. ओल्या लुगड्यानं ती उंबऱ्यात जाऊन बसली, आणि मग रडायला लागली. चाचीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तीही रडायला लागली. त्याच वेळी जीप लिंबाखाली येऊन थांबली.

पोराचे वडील पुढं होते. गळ्यात माळ, डोक्याला पटका. उंबऱ्यातली ओली बाई बघून ते जागीच थांबले. "काय झालं बाई?"

"माझा गेला," आत्या म्हणाली.

"अरारा. कोन म्हनायचे?"

"लांबचा व्हता. दूर मुलखातला. पर उन्हाळाभर रोज घरात व्हता बघा. डोळ्यासमोर."

"वयस्कर व्हते का?"

"लई. त्याच्याएवढं म्हातारं कुनीच न्हाई. एक पाय अधू व्हता. पोरीला वाचवाया पान्यात आडवा झाला, न् गेला."

"मेरे सामने गया, भाईजान," चाची नाक ओढत म्हणाली. "आंखों से देखी मैं."

त्या माणसानं पटका काढून हातात घेतला. "लई वाईट झालं. मंग आम्ही पानी बी घेत न्हाई, बाई. दिवस घाला. बाकीचं पुढं बघू." आबा मागून जीपमधून उतरत होते. त्यांना एका कानानं निम्मंच ऐकू आलं. पाव्हण्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं, आणि जीप वळून गेली. पोराकडं मी बघितलंसुद्धा नाही. चांगला असेल. पुढं त्यांनी दुसरीकडं सुपारी फोडली, त्यांना माझ्या शुभेच्छा.

"कोन गेलं, आक्का?" आबांनी विचारलं. आत्यानं फोनकडं बोट दाखवलं. आबांना कळायला वेळ लागला. मग ते असे ओरडले की लिंबावरचे होले उडाले. "डोंगर? कार्टुनातला डोंगर? माझी इज्जत घालवली तू! खोटं सुतक सांगून मानसं दारातून परत लावली?"

"खोटं काय बोलले?" आत्या म्हणाली. "एक शब्द दाव. रडले का न्हाई मी? गेला का न्हाई तो?"

तिनं ते मुद्दाम केलं का, हे मी तिला पुढं पुष्कळदा विचारलं. ती दरवेळी एकच सांगायची, "मला तव्हा दुसरं काय सुचतच नव्हतं." माझा त्यावर विश्वास आहे, आणि नाहीही.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात. आमच्याकडंही आले. एकामागून एक पाट्या, वर फडकं झाकलेलं. बाया आत्याजवळ बसायच्या, पुरुष आबांसमोर. आबांना खरं सांगायची सोय नव्हती. सांगणार काय? हात जोडून खाली मान घालून बसले. "होनाराला इलाज न्हाई," कुणी म्हणायचं, आणि आबा म्हणायचे, "न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. संध्याकाळी आम्ही ते पिठलं खाल्लं. पिठलं फार छान होतं. असं पोटभर आम्ही किती दिवसांनी जेवत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा बाजेवर पडले होते. कवडसे त्यांच्या पोटावरून चालले होते. "दाव बरं," ते एकाएकी म्हणाले, "कोन गेलं ते." मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चांगल्या कानाशी धरला, मग तोंडासमोर, मग परत कानाशी. मी मधला एक भाग लावला होता. राजाची माणसं झोपलेल्या डोंगरात खिळा ठोकत होती. घणाचा आवाज, आणि त्याच्या खालून त्या डोंगराचा आवाज, खूप आतून आलेला, कण्हल्यासारखा. आबांनी तो तुकडा परत लावायला सांगितला. परत ऐकला.

"असाच येतो," ते म्हणाले.

"काय?"

"आवाज. बोअर लई खोल गेला ना, पानी लागायच्या आधी, खालून असाच येतो. गाडीवर सगळ्यांला ऐकू येतो. कुनी बोलत न्हाई." ते पत्र्याकडं बघत राहिले. पुढचे भाग त्यांनी ओळीनं बघितले, शेवटचा बघून झाल्यावर फोन उताणा छातीवर ठेवला. मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "दोन पाव्हणे आनखी सांगून आलेत. आता दिवस झाल्याशिवाय त्यांला बोलावता येत न्हाई. सुतक सांगितलं तर बराबर पाळायचं. निम्मंशिम्मं न्हाई." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "कॉलेजवाले कव्हापर्यंत घेतेत?"

"उद्या शेवटचा दिवस आहे."

"सुतकात जाता येतं का, आक्का?"

"शिकायला कुठलं आलंय सोयर न् सुतक," आत्या भिंतीकडं तोंड करून म्हणाली. "घेऊन जा तिला."

आम्ही सकाळच्या एसटीनं जालन्याला गेलो. मायनं धपाटे बांधून दिले होते. नवीन जालन्यात उतरून बियाणांच्या कंपन्यांच्या पाट्या ओलांडत, रिक्षा न करता, आबा पुढं आणि मी मागं. त्यांनी दाढी केली नव्हती, डोक्याला टोपी नव्हती. कॉलेजच्या खिडकीपाशी ते एवढे अवघडून उभे राहिले की आतल्या कारकुनानं माझे कागद घेता घेता त्यांच्याकडं बघितलं आणि विचारलं, "काका, घरी काही झालंय का?"

आबांनी माझ्याकडं बघितलं नाही. "हो," ते म्हणाले, हळूच. "घरातलं मानूस गेलं. पर पोरीचं वरीस वाया जाऊ द्यायचं न्हाई."

कारकुनानं शिक्का मारला. मला वसतिगृहात जागा मिळाली. तीन वर्षं मी तिथं राहिले, शिकले, कधी उपाशीही राहिले, आणि बी.ए. झाले. आबांच्या आणि मायच्या, दोन्हीकडच्या घराण्यांत कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली.